दुसऱ्याच्या नंबरावर

कंडक्टरबाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, आणि त्या एकतीस वर्षांत आपल्या गाडीतून एकही माणूस फुकट गेला नाही, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. खरंही असावं. सख्ख्या नणंदेला त्यांनी भर गर्दीत तिकीट घ्यायला लावलं होतं आणि ती नणंद पुढं तीन वर्षं त्यांच्याशी बोलली नव्हती. बाईंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. "तेवढीच डोक्याला शांतता," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

त्यांचं एक तत्त्व होतं: तिकीट बघायचं, तोंड बघायचं नाही. तोंड बघितलं की दया येते, आणि आज एकाची दया केली की उद्या चार जण तोंड पाडून उभे राहतात. निवृत्त झाल्यावर हे तत्त्व घरात वापरायचं म्हटलं तर घरात एक नवराच. तो त्याच गाडीचा ड्रायव्हर. आयुष्यभर बाईंच्या घंटीवर थांबलेला आणि घंटीवर सुटलेला, त्याला आणखी काय शिस्त लावणार? म्हणून बाई दवाखान्यात आल्या.

दवाखाना म्हणजे बंद पडलेल्या बस डेपोचं कॅन्टीन. दर शनिवारी सकाळी टेबलं भिंतीला सरकवायची, दोऱ्या बांधून त्यांवर चादरी टाकायच्या, तीन आडोसे करायचे, की झाला दवाखाना. दोन डॉक्टर, एक नर्स, औषधं द्यायला एक म्हातारे औषधवाले, सगळे आपापली कामं सांभाळून इथं फुकट राबणारे. आणि येणारे कोण, तर ज्यांच्या नोकरीला कागद नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून मोठ्या इस्पितळाच्या दारात पाय ठेवायची छाती नाही, असे सगळे. झाडणारे, धुणारे, ओझी उचलणारे, दुसऱ्यांचे म्हातारे आईबाप सांभाळणारे.

बाई येण्याआधी तिथं नुसता सावळागोंधळ होता. उजाडायच्या आत रांग, रांगेत हमरीतुमरी, दांडगे पुढं आणि आजारी मागं. एकदा रेटारेटीत एक पोटुशी पोरगी पडली. बाईंनी पंधरा दिवसांत सगळं सुतासारखं सरळ केलं. चाळीस कार्डं छापून घेतली, एक ते चाळीस नंबर. एका घराला एक कार्ड. कार्डावर ज्याचं नाव त्याचीच तपासणी, आणि त्याच्या लहान मुलांना औषध. नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही; दिला तर कार्ड रद्द. कार्डावर फोटो लावायचं एकदा निघालं होतं, पण फोटो म्हटलं की लोक बिचकायला लागले, न जाणो कुठं कुणाला दाखवतील. ते राहिलं. रांग मात्र शांत झाली. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "बाई, तुम्ही नसता तर आम्ही कधीच गाशा गुंडाळला असता." त्यावर बाई वरवर "छे छे" करायच्या आणि घरी जाऊन नवऱ्याला ते दोनदा सांगायच्या.

मागच्या महिन्यात त्यांनी एक जण पकडलाही. एका खोकणाऱ्या आजोबांनी आपला नंबर शेजाऱ्याला दिला होता, आणि तो शेजारी भोळसट, डॉक्टरांसमोर स्वतःचंच नाव बोलून गेला. बाईंनी आजोबांना बोलावून घेतलं, सगळ्या रांगेसमोर कार्डाचे दोन तुकडे केले आणि म्हणाल्या, "ही बस नसली तरी तिकीट ज्याचं त्यानंच वापरायचं." आजोबा काठी टेकत निघून गेले.

आणि मग एका सोमवारी सकाळी नऊ वाजता डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"बाई, तेवीस नंबर कोण आहे? तिला आत्ताच्या आत्ता शोधा."

"का हो? काय झालं?"

"शनिवारी रक्त घेतलं होतं. लॅबवाले आपले फुकटचे नमुने सगळ्यांत शेवटी करतात, त्यामुळे रिपोर्ट आत्ता आलाय. मूत्रपिंडं जवळपास बंद पडलीयेत. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदय कधीही थांबेल. लॅबनं दोनदा तपासलंय, चूक नाही. मी इकडे ड्यूटीवर अडकलेय, दोन तासांच्या अंतरावर. तिला इस्पितळात नेऊन पोचवा. दुपार होऊ देऊ नका, बाई."

बाईंनी वही काढली. तेवीस नंबर, बाई, वय चौतीस, काम धुलाई कारखान्यात इस्त्रीचं, एक मुलगी, तिला दमा, दर महिन्याला तिचा श्वासाचा पंप. फोन नंबर लिहिला होता तो लागेना. बाईंनी पायांत चपला सरकवल्या आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, स्कूटर काढा."

"चहा तरी—"

"चहा परत आल्यावर."

ड्रायव्हरनं स्कूटर काढली. विचारत बसला नाही. एकतीस वर्षांची सवय होती.

धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी यायच्या. आत पाऊल टाकलं की वाफेनं चष्मा धुरकटायचा. एका बाजूला पिंपाएवढी यंत्रं गरगरत होती, दुसऱ्या बाजूला लांबलचक तापलेल्या रोलरमधून चादरी बाहेर पडत होत्या आणि दोन दोन बायका त्यांची टोकं पकडून घड्या घालत होत्या. बाईंनी वहीतलं नाव सांगितलं, मुकादमानं बोट दाखवलं. "ती बघा. पाच मिनिटं हं."

बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. इस्त्रीवाली काटक होती, दंड घामानं चमकत होते. एका हातानं तिनं ओल्या चादरींचा गठ्ठा उचलून ढकलगाडीत टाकला. बाईंना ती ओळखीची वाटली नाही, पण त्यात नवल काय? त्या कधी कुणाच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या.

"तेवीस नंबर तुम्हीच ना?"

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. "हो. का?"

"रक्ताचा रिपोर्ट आलाय. फार वाईट आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, असेल तशी उचलून इस्पितळात न्या. चला."

इस्त्रीवालीचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनं मान खाली घातली आणि चादर ओढून घेतली. "मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे."

"अहो, रिपोर्ट खोटा बोलतो का?"

"मला कामं आहेत, बाई."

बाईंनी कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "ती तर म्हणतेय काही झालं नाही. दिसतेही चांगली. गठ्ठे उचलतेय!"

"उचलतेय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "शनिवारी तिला खुर्चीतून उठता येत नव्हतं. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते, बोटानं दाबलं तर खड्डा राहत होता. पाय बघा तिचे."

बाईंनी पाय बघितले. चपलांमध्ये दोन वाळकी, शिरा दिसणारी पावलं. सूज नावाला नव्हती.

आता खरं सांगायचं तर बाईंच्या मनात सगळ्यांत आधी काय आलं? पकडलं! एकतीस वर्षांचं रक्त उसळून आलं. दुसऱ्याच्या नंबरावर! माझ्या नाकावर टिच्चून! त्या तरातरा परत आल्या, तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला की पकडायचं राहू दे, ती दुसरी बाई कुठं आहे? कोण आहे? वही चाळीस नावं सांगत होती आणि त्यांतल्या एकाही नावाला ते सुजलेले पाय जोडलेले नव्हते.

"कार्ड घेऊन कोण आलं होतं शनिवारी?"

इस्त्रीवालीनं पुढची चादर ओढली.

"अहो, कोण आलं होतं? बोला ना!"

"मीच आले होते."

"तुमचे पाय सुजलेत? दाखवा कुठं सुजलेत ते!"

इस्त्रीवालीनं तोंड फिरवलं. जोडीला चादर धरणारी दुसरी बाईसुद्धा रोलरकडे बघायला लागली. मुकादमानं लांबून हात हलवला, पाच मिनिटं झाली म्हणून. बाई पाय आपटत बाहेर आल्या.

"हटवादी बाई आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिकडे एक जीव जायला लागलाय आणि ही तोंड शिवून बसलीये. अशी माणसं असतात बघा."

ड्रायव्हर स्कूटरला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, ती तुला कशी सांगेल? तू कार्ड फाडशील."

"मी काय इतकी—"

"त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याचं फाडलंस ना. सगळ्या वस्तीत झालंय ते. तुझ्यासमोर कुणी बोलत नाही, एवढंच. माझ्यासमोर बोलतात."

बाईंना सणसणून राग आला. नवऱ्याचा राग, त्या बाईचा राग, म्हाताऱ्याचा राग. दहा वाजून गेले होते. राग गिळायला वेळ लागतो आणि वेळच तर नव्हता. त्या वळल्या आणि पुन्हा वाफेत शिरल्या.

"हे बघा," त्या इस्त्रीवालीला म्हणाल्या, "कार्ड रद्द होणार नाही. माझा शब्द."

"आज म्हणाल. शनिवारी?"

"शनिवारीही नाही."

"पोरीचा पंप त्या कार्डावर मिळतो, बाई." तिचा आवाज चिरकला. "पंप नसला की ती रात्रभर बसून श्वास घेते. मी काय करू? तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"पण मग दुसरीला नंबर दिलातच कशाला? तिनं स्वतःचं कार्ड काढायचं!"

आता मात्र इस्त्रीवालीनं चादर सोडून दिली. रोलरमधून आलेली चादर तशीच खाली जमिनीवर गोळा व्हायला लागली.

"काढायला आले होते ना मी! जाऊबाईंसाठी. तुमच्याच टेबलासमोर उभी होते. म्हटलं, एका घरात आम्ही दोन संसार आहोत, दोन भाऊ, दोन जावा, चुली वेगळ्या. तुम्ही काय विचारलंत आठवतंय? दार एक की दोन? मी म्हटलं, एक. तुम्ही म्हणालात, मग घर एक. आणि पुढच्या माणसाला बोलावलंत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

बाईंना आठवत नव्हतं. हीच तर गोष्ट होती. त्यांनी कितीतरी जणांना ते विचारलं असेल. त्या शेजारच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. कारखान्यातल्या सगळ्या बायकांचे हात थांबले होते, मुकादम काहीतरी ओरडत होता, आणि एकतीस वर्षांत ज्या तोंडातून माफीचा शब्द कधी निघाला नव्हता त्या तोंडानं कंडक्टरबाई म्हणाल्या, "चुकलं माझं. नियम माझा, चूक माझी. तुमची नाही, तुमच्या जाऊबाईंचीही नाही. आता फक्त त्या कुठं आहेत ते सांगा, पाया पडते."

इस्त्रीवालीनं कमरेचा ॲप्रन सोडला. मुकादमाला म्हणाली, "अर्धी हजेरी कापा," आणि चालायला लागली.

स्कूटरवर तिघं बसले तेव्हा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "तिघांना बंदी आहे."

"गप चालवा," बाई म्हणाल्या.

वाटेत इस्त्रीवालीनं मागून ओरडत ओरडत सगळं सांगितलं. जाऊबाई कचेऱ्यांच्या एका आठमजली इमारतीचे जिने पुसायच्या. दोन वर्षांपासून कंबर धरली होती. सुट्टी घेतली तर काम जातं, म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेऊन खायच्या, आधी रोज एक, मग तीन, मग मोजणंच सोडलं. तीन महिन्यांपूर्वी पाय सुजायला लागले. तेव्हापासून इस्त्रीवालीच्या नंबरावर त्याच येत होत्या. नाव इस्त्रीवालीचं सांगायच्या, आणि गोळ्यांचं तर डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण इस्त्रीवाली गोळ्या खात नव्हती आणि कागदावर तसं लिहिलेलं होतं.

"अहो, असं कुठं असतं का!" बाई ओरडल्या.

"आम्हाला वाटलं कागद जुळायला पाहिजे!" इस्त्रीवालीही ओरडली.

कागद जुळायला पाहिजे, हे त्यांनीच तर दर शनिवारी सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

इमारतीच्या दारावरचा रखवालदार म्हणाला, सफाईवाली सकाळी वर गेली ती अजून खाली आलेली नाही. लिफ्टमध्ये कुणीतरी सामान चढवत होतं. थांबायला वेळ कुणाला होता? दोघी जिन्यानं निघाल्या. बाईंचा उजवा गुडघा दुसऱ्या मजल्यावरच बोंबलायला लागला. तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या ओल्या होत्या, नुकत्याच पुसलेल्या. चौथ्यावर मधल्या मधल्या सुटल्या होत्या. पाचव्यावर फडक्याचा नुसता एक ओढलेला पट्टा होता. आणि पाचव्या नि सहाव्याच्या मधल्या वळणावर जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात फडक्याची काठी होती, बादली कलंडली होती.

"पाय उचलत नाहीत गं," त्या इस्त्रीवालीला म्हणाल्या. "जरा बसते नि उठते. तीनच मजले राहिलेत." मग त्यांना मागं उभ्या असलेल्या कंडक्टरबाई दिसल्या, आणि त्यांनी काठीचा आधार घेऊन उठायची धडपड केली. "बाई, हिचा काही दोष नाही. मीच कार्ड मागून घेतलं. माझं काय करायचं ते करा, पण पोरीचा पंप बंद करू नका हो."

बाई त्यांच्यासमोर पायरीवर बसल्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखी सूज, ओठ राखेच्या रंगाचे, कपाळावर एक जुना व्रण. तीन शनिवार हे तोंड त्यांच्या टेबलासमोर, हातभर अंतरावर आलं होतं. कुणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, या बाईला आधी आत घ्या. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पंप चालू राहील," त्या म्हणाल्या. "तुम्हीही राहायला पाहिजे. उठा."

दोघींनी दोन बाजूंनी धरलं. सहाव्या मजल्यावर लिफ्ट आली तर आतला गडी म्हणाला, "सफाईवाल्यांना लिफ्टनं जायची परवानगी नाही."

"मग थांबव मला," बाई म्हणाल्या आणि आत शिरल्या. त्यानं थांबवलं नाही. तो आवाज ऐकून भरधाव निघालेल्या गाड्या थांबत असत.

ड्रायव्हरनं तोवर टॅक्सी उभी करून ठेवली होती. साडेअकराला ते इस्पितळात पोचले. खिडकीमागं एक कारकून बसला होता, चाळिशीचा, नीटनेटका, समोर फॉर्मांचा गठ्ठा. त्यानं मान वर न करता विचारलं, "विमा कार्ड?"

"नाही."

"मग पलीकडच्या खिडकीवर अनामत भरा, तिथं नंबर मिळेल."

"पैसे आत्ता नाहीत. बाई मरायला टेकलीये. हा बघा डॉक्टरांनी फोनवर पाठवलेला रिपोर्ट."

"मावशी, कार्ड नाही तर नंबर नाही. मी काय करणार, नियम आहे. पुढचे कोण?"

हा माणूस वाईट नव्हता, हे बाईंना चांगलं कळत होतं. त्याच्यामागंही रेटारेटी असणार, त्यानंही खिडकी शांत ठेवली म्हणून कुणीतरी त्याची पाठ थोपटली असणार. त्यांनी काचेच्या खालच्या फटीतून हात घातला आणि त्याच्या फॉर्मांवर पंजा ठेवला.

"साहेब, आधी वर बघा."

"हात काढा."

"काढते. तुम्ही एकदा वर बघा. या बाईच्या तोंडाकडे बघा. मग म्हणा पुढचे कोण."

त्यानं वैतागून मान वर केली. इस्त्रीवालीच्या खांद्यावर जाऊबाईंचं डोकं कललं होतं. तो बघत राहिला.

"आणि तुमच्या डोक्यावर पाटी आहे," बाई म्हणाल्या. "तातडीचा रुग्ण आधी आत, कागद नंतर. मी नियमवालीच आहे, साहेब, मला पाट्या वाचायची सवय आहे. तुमच्या मोठ्या साहेबांना बोलवायचं असेल तर बोलवा, मी कुठंही जात नाही."

साहेबांना बोलवावं लागलं नाही. कारकुनानं फोन उचलला आणि मिनिटभरात चाकांची खाट आली. नर्सनं छातीला तारा लावता लावता विचारलं, "नाव?"

जाऊबाईंनी सवयीनं इस्त्रीवालीचं नाव सांगितलं. नर्स लिहायलाही लागली.

"नाही, नाही!" इस्त्रीवाली ओरडली. "ते माझं आहे. जाऊबाई, तुमचं सांगा. तुमचं स्वतःचं."

जाऊबाईंनी कंडक्टरबाईंकडे बघितलं, सांगू का म्हणून.

"सांगा," बाई म्हणाल्या. "आणि त्या गोळ्यांचंही सांगा. सगळ्या."

जाऊबाईंनी नाव सांगितलं. अगदी बारीक आवाजात, चोरून आणलेली वस्तू परत करावी तसं. आतल्या डॉक्टरांनी पट्टीवर हृदयाची रेघ बघितली आणि ते पळायलाच लागले.

जाऊबाई वाचल्या. चार वेळा यंत्रावर रक्त धुवावं लागलं. मूत्रपिंडं अर्धीमुर्धी परत कामाला लागली, पुढं काय ते पुढं कळेल असं डॉक्टर म्हणाले. अर्धा तास उशीर झाला असता तर काही उपयोग नव्हता, असंही म्हणाले, आणि तो अर्धा तास बाईंनी कारखान्यात नियमांवर भांडण्यात घालवला असता तर काय झालं असतं, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी बाई खोकणाऱ्या आजोबांच्या घरी गेल्या. नवं कार्ड लिहून नेलं होतं. आजोबांनी ते हातातही घेतलं नाही. "तुमच्या दवाखान्यापेक्षा माझा खोकला बरा," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. बाईंनी कार्ड दाराखालच्या फटीतून आत सरकवलं आणि त्या परत आल्या. ते आले तर येतील. नाही आले तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा जायचं, असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी सकाळी टेबलं सरकवून झाली, चादरी टांगून झाल्या. रांग लागली तेव्हा बाईंनी एक खुर्ची ओढली आणि गुडघा कुरकुरत असताना तिच्यावर चढल्या. ड्रायव्हरनं खुर्चीची पाठ धरून ठेवली.

"ऐका," त्या म्हणाल्या, आणि सगळे ऐकायला लागले. तो आवाज काही जुना झालेला नव्हता. "एका घराला एक कार्ड हा नियम आजपासून बंद. तो मूर्खपणाचा होता आणि मी केला होता. माझ्या भीतीनं एक बाई दुसऱ्याच्या नावानं मरत होती. आता मी एक विचारते. दुसऱ्याच्या नंबरावर कोण कोण आलंय? आज, मागच्या महिन्यात, कधीही. कुणाचं कार्ड जाणार नाही, कुणाचं औषध थांबणार नाही. फक्त हात वर करा."

डॉक्टरीणबाई आडोशातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाईंच्या मनात आलं, देवा, एखादाच असू दे. फार तर दोन.

पहिला हात इस्त्रीवालीनं वर केला. मग मागून एक. मग खिडकीपाशी दोन, त्या दोघी मायलेकी. मग एकदम चार. डॉक्टरीणबाई ओठांतल्या ओठांत मोजत होत्या, आणि अकराव्या हाताला त्यांनी मोजणं सोडून दिलं.

सगळ्यांत शेवटी एका वेल्डिंगवाल्यानं हात वर केला, अर्धाच, खांद्यापर्यंत.

"माझ्या नंबरावर धाकटा भाऊ आला होता," तो म्हणाला. "रक्त त्यानं दिलं, ते मला काल कळलं. पुढच्या वेळी मी आलो तर तुम्ही सांगितलंत साखर एकदम छान आलीये, आता काळजी नाही. म्हणून मी माझ्या गोळ्या बंद केल्या."

"कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले दोन महिने. पायाला एक जखम आहे, ती भरत नाहीये. पण रिपोर्ट चांगला होता ना, म्हणून मी काही बोललो नाही."

कंडक्टरबाई खुर्चीवरून उतरल्या. रांगेतून वाट काढत त्या त्याच्यापर्यंत गेल्या, त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि त्याचा हात धरून त्याला सगळ्यांच्या पुढं आत नेलं.

"बूट काढा," त्या म्हणाल्या.